गैरहजर

चिऊच्या उजव्या अंगठ्याची कातडी नखालगत तीन ठिकाणी सोललेली होती. एका जागी खपली धरलेली, दुसरीकडे नवी गुलाबी त्वचा, तिसरी जखम आत्ताची, ओली. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या आईला जखमांची वयं कळत. तिने मुलीचा हात आपल्या हातात घेतला.

"महिनाभर गैरहजर आहे ही," शिक्षकांच्या खोलीत समोर बसलेल्या वर्गशिक्षिका म्हणाल्या.

"अहो, रोज मी स्वतः फाटकापर्यंत सोडतो," बाबा म्हणाले.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. चिऊ रोज वर्गातच होती. हजेरीच्या वेळी तिचं नाव आलं की तिच्या वतीने मैत्रीणच 'हजर' म्हणायची. महिन्यापूर्वी मैत्रिणीची तुकडी बदलली आणि तो आवाज बंद झाला. भरल्या वर्गात 'हजर' एवढा शब्द चिऊच्या घशाबाहेर निघेना. मागच्या कोपऱ्यात मान वर करून बघायला बाईंनाही सवड झाली नव्हती.

"नाव चिऊ आणि चोच मिटलेली," बाबा ओशाळं हसले. "घरी तरी चिवचिवायची. आता जेवायलाही दहा हाका माराव्या लागतात. लाजाळू आहे, दुसरं काय."

लाजाळू. हा शब्द आईनेच घरात आणला होता, पाहुण्यांना सांगायला सोयीचा म्हणून. गेल्या वर्षी चिऊ म्हणाली होती, "आई, सगळे बघायला लागले की मी गुदमरते." आई म्हणाली होती, परीक्षा होऊ दे, मग बघू. परीक्षा झाली. 'मग' काही आलं नाही. गेल्या आठवड्यात चिऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी नसते तर बरं झालं असतं." दुसऱ्या दिवशी कामावरूनच आईने एक फोन केला. त्याबद्दल घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"हजेरीचं बघू आपण," बाईंनी आवाज खाली आणला. "पटावर लागलेली गैरहजेरी आता खोडता येत नाही, आजारपण दाखवते. ताप लिहू?"

"हो हो, तापच लिहा," बाबा घाईने म्हणाले. "टायफॉइड म्हणा हवं तर."

"ताप नाही तिला," आई म्हणाली.

शेजारच्या टेबलावर वह्या तपासणाऱ्या शिक्षकांचा हात थांबला. बाबांनी कोपराने ढोसलं. "अगं, हळू."

"हळूच बोलत आले इतके दिवस."

चिऊने मान वर केली. आईने आवाज चढवला नाही, खालीही आणला नाही.

"बाई, हिला मनाचा आजार आहे. शुक्रवारी मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेणार आहे, फोन करून वेळ घेतली आहे. लिहायचंच असेल, तर हेच लिहा."