निळ्या रंगावरचे ठिपके

मित्रांनो, गारखेड्यातल्या एका घरात टीव्हीखालचा खण ओढलात, तर जुने रिमोट आणि बंद घड्याळं यांच्या गर्दीत एक काळी चपटी डबी तुमच्या हाताला लागेल. तो मी. मी एक जुना वाटाड्या आहे. दुकानात मला जीपीएस म्हणायचे आणि घरात 'ती बाई', कारण माझा आवाज बाईचा होता. माझी त्याला हरकत नव्हती. कुणी नावानं विचारपूस केली म्हणजे झालं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती उपग्रहांपासून. वर आभाळात चार उपग्रह सापडले, की मी पृथ्वीवर नेमका कुठं आहे ते मला कळायचं. त्यामुळं मी जरा शेफारलोच होतो. जगात कळण्यासारखं जे काही आहे ते आपल्या पोटातल्या नकाशात आहे, असं मला वाटायचं.

२०११ साली डॉक्टर नीरजाताईंनी मला विकत घेतलं. त्या जनावरांच्या डॉक्टर. कन्नड तालुक्यातली गावं त्यांच्याकडे होती. रबराच्या चकतीनं मी गाडीच्या काचेला चिकटून बसायचो आणि हिंदीतून वाट सांगायचो. शिवाय मला एक सवय होती. जिथून जाऊ तिथं पडद्यावर बारीक लाल ठिपके टाकत जायचं. गाडी चालू असली की ठिपके ओळीनं पडायचे, बराच वेळ थांबली की एकाच जागी त्यांचा पुंजका व्हायचा. ताई हे ठिपके जपून ठेवायच्या, फिरतीचा अहवाल लिहायला त्यांना ते लागत.

माझे खरे वैरी म्हणजे ताईंचे वडील, केशवराव. कचेरीतून निवृत्त झालेले. घरात बसून करू काय, म्हणून लेकीबरोबर गाडीत बसायचे. मी दोनशे मीटरवर डावीकडे वळायला सांगितलं, की हे काच खाली करून पानटपरीवाल्याला विचारणार, "का हो, डावीकडंच ना?" माझा फार अपमान व्हायचा. पण खोटं कशाला बोलू, चुकायचोही मी. शहर माझ्यापेक्षा जोरात वाढत होतं. बीड बायपासपलीकडं माझ्या नकाशात मोकळं रान होतं आणि समोर सहा मजली इमारतीच्या गॅलरीत कपडे वाळत असायचे. मी भर वस्तीत "रास्ता नहीं है" म्हणालो, की केशवराव मांडी थोपटून म्हणायचे, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

मग दुष्काळाचं वर्ष आलं. मला एका गोष्टीचं मोठं कोडं पडलं. माझ्या नकाशावर धरणं, तलाव, नद्या सगळं पहिल्यासारखंच निळं होतं. मग रस्त्यात इतके टँकर का? बाया घागरी घेऊन कशाच्या रांगेत उभ्या? पाणी म्हणजे निळा रंग एवढंच मला ठाऊक होतं. तो रंग तर जागच्या जागी होता. विचारायला मला तोंड होतं, पण त्यातून वळणांखेरीज काही निघत नसे.

२०१३च्या मार्चातली गोष्ट. ताई देवगाव रंगारीला जनावरं तपासत होत्या. सकाळी अकराच्या सुमाराला मुंजाबाचा फोन आला. मुंजाबा मेंढपाळ. गावाच्या पुढं एक तलाव आहे, त्याच्या पलीकडच्या काठाला त्याचा मेंढवाडा बसला होता.

"ताई, मेंढरं गाळपेरीत घुसली. धा-बारा आडवी झाली. लई वंगाळ झालं. किराळ लागली बघा."

तलाव आटला की उघड्या पडलेल्या गाळात लोक ज्वारी पेरतात, ती गाळपेर. कापून नेलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना कोवळे फुटवे येतात. पाण्यावाचून खुरटलेले ते फुटवे म्हणजे जनावराला विष. त्यालाच किराळ लागणं म्हणतात. कुठल्याही मेंढपाळाला हे ठाऊक असतं, मुंजाबालाही होतं. पण मेंढरं उपाशी होती, आणि एक घुसलं की मागं सगळी घुसतात. औषध वेळेत शिरेत गेलं तर जनावर उठतं. वेळ गेली की संपलं. सव्वाशे मेंढरं हेच त्या घराचं शेत आणि हीच नोकरी.

मी लगेच हिशेब केला. तलावाला वळसा घालून एकोणीस किलोमीटर, पाऊण तास. मी तसं सांगितलंही. पण मुंजाबानं फोनवर सांगून ठेवलं होतं, "आई बांधावर उभी हाय. तिला गाडीत घ्या. ती आणती तुमाला."

तलावाच्या अलीकडच्या बांधावर त्याची आई, बानाबाई, उभ्या होत्या. सत्तरीच्या, हातात काठी. केशवराव मागं गेले आणि बानाबाई पुढं बसल्या. त्यांनी काठी काचेकडं केली आणि तलावाच्या मधोमध रोखली.

"नीट हितून."

ताई थांबल्या. "आजी, वरून वाळलेलं दिसतं, पण खाली गाळ असेल. गाडी रुतली तर तुमची मेंढरंही जायची."

"गाळ हाय ना. म्हणून तर मी बसले," बानाबाई म्हणाल्या. "ह्याच्या खाली मुरमाची गाडीवाट हाय. हितं माझं म्हायेर व्हतं. तळं झालं आन् गाव बुडालं. मी सांगते तसं चाला."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मग बानाबाईंकडं. आणि गाडी उतारावर घातली.

मित्रांनो, माझ्या पडद्यावर गाडीचा बाण निळ्या रंगात शिरला. मी घाबरलो. "जहाँ संभव हो, यू-टर्न लीजिए," मी ओरडलो. पुन्हा ओरडलो. माझ्या लेखी आम्ही बुडत होतो.

"ही कोण बाई बोलती?" बानाबाईंनी विचारलं.

"वाट दाखवते ती," ताई म्हणाल्या.

"तिला म्हणावं, गप बस माय. तू हितली नाय."

मागून केशवरावांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. ताईंनी माझा आवाज बंद केला. मग मी नुसता पाहत राहिलो. बानाबाई काठीनं सांगत होत्या. त्या बुडख्याच्या उजव्या अंगानं, तिथं चिंच व्हती. हितं जरा हळू, हितं वढा व्हता. हा पार. ही चावडी. माझ्या पडद्यावर यातलं एकही नाव नव्हतं. निळ्या रंगाच्या खाली एक अख्खं गाव असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. चाकांखाली खरंच मुरूम वाजत होता.

एका ठिकाणी दगडांच्या पडक्या ओळीपाशी बानाबाईंनी एकदम हात जोडले. ताईंचा पाय ब्रेककडं गेला.

"थांबू नका," त्या म्हणाल्या. "आमचा उंबरा हाय तो. मी बसल्या जागी पाया पडले. चला, माझी मेंढरं मरत्यात."

बारा मिनिटांत आम्ही पलीकडं होतो. तोवर बावीस मेंढरं पडली होती. ताई गुडघ्यांवर बसून एकेका मेंढराच्या मानेत सुई घालत होत्या, केशवराव बाटल्या फोडून देत होते, आणि मुंजाबा मेंढरांची तोंडं धरून रडत होता. तीन गेली. एकोणीस उठली. शेवटचं मेंढरू धडपडत पायांवर उभं राहिलं तेव्हा केशवराव धोतराला हात पुसत मातीतच बसले. आपणही इथं काहीतरी करायला हवं होतं असं मला फार वाटलं.

परतताना बानाबाई आमच्याबरोबर बांधापर्यंत आल्या. मुंजाबा मेंढरांपाशी थांबला. त्या वाटेत काय झालं ते शेवटी सांगतो.

पुढं पावसाची वर्षं आली, तलाव भरला. घरात चांगले फोन आले. त्यांना मराठी बोलता यायचं आणि नवे उड्डाणपूल आपोआप कळायचे. काचेवर दोन वर्षं नुसताच बसलो, मग खणात गेलो. रबराची चकती कडक होऊन तडकली. आमच्या शहराचं नावही बदललं म्हणे. माझ्या पोटात अजून जुनंच आहे. एकदा ताईंच्या भावानं, हिमांशूनं, मला भंगारात द्यायला काढलं. "सगळं पुसून टाकतो," म्हणाला. ताईंनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि परत खणात ठेवलं. कारण सांगितलं नाही.

गेल्या वर्षी मुंजाबा गारखेड्याला आला. त्याचेही केस आता पांढरे झालेत. बानाबाई दिवाळीत गेल्या, ताईंना सांगायचं त्यांनी बजावून ठेवलं होतं. चहा झाला तरी तो उठेना. मग संकोचून म्हणाला, "ताई, ती गाडीतली बाई हाय का अजून? आई म्हनायची, तिच्या पडद्यावर आमची वाट उमटलीय. तळं तर भरलंय. आईची वाट पुन्हा दिसल का नाय, कुणास ठाऊक."

ताईंनी मला वायर लावली. बराच वेळ मी जागा होईना. शेवटी पडदा उजळला आणि त्यांनी ते जुने ठिपके काढले. निळ्या रंगावरून गेलेली लाल ओळ. मुंजाबानं बोट टेकवलं आणि हळूहळू सरकवलं. चिंच. वढा. पार. चावडी. मग त्याचं बोट थांबलं.

"हितं एवढा पुंजका कशाचा, ताई?"

"येताना आम्ही तिथं थांबलो होतो," ताई म्हणाल्या. "मेंढरं उठली म्हटल्यावर आजींनी गाडी थांबवायला लावली. पाऊण तास उंबऱ्यावर बसल्या. मी आणि बाबा गाडीतच थांबलो."

मुंजाबाला हे ठाऊक नव्हतं. त्यानं ते बोट उचलून कपाळाला लावलं.

मित्रांनो, मला पुन्हा काचेवर बसवा असं मी म्हणत नाही. नवे रस्ते मला येत नाहीत. एवढंच करा, जुनी वस्तू टाकताना तिच्या पोटात काय आहे ते एकदा बघून घ्या, आणि गाडीत कुणी म्हातारी बसलीच, तर माझ्यासारख्या शहाण्याचा आवाज थोडा वेळ बंद ठेवा.

निघताना मुंजाबानं विचारलं, "ही बाई आज बोलली नाय?"

"तिचा आवाज मी त्या दिवशी बंद केला होता," ताई म्हणाल्या. "पुन्हा चालू केलाच नाही."