खाऱ्या पाण्याची कुमक

मी एक पट आहे. सोंगट्यांचा नव्हे, अख्ख्या जगाचा. उदगीरच्या एका किराणा दुकानात पोत्यावर पडून असतो. माझ्याशी कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलतोय.

जन्म माझा साबणाच्या खोक्यातला. दुकानदार शरणप्पाने पुठ्ठा कापला आणि त्याचा दोस्त मारोती, तहसीलमधला कारकून, त्याने शाळेच्या नकाशावरून देश काढले. जग जिंकायचा हा खेळ त्याने औरंगाबादला एका साहेबाच्या घरी पाहिला होता. शरणप्पाची फौज चिंचोक्यांची, मारोतीची हरभऱ्यांची, दानाला कवड्या. अख्खा खंड ज्याच्या ताब्यात, त्याला दर डावाला जादा फौज. तिला ते कुमक म्हणत.

ती कुमक ठरवतानाच गडबड झाली. साल दुष्काळाचं, माणसं टँकरची वाट बघणारी. ऑस्ट्रेलियाभोवती निळाच निळा रंग दिसला, आणि या शहाण्यांनी सगळ्यांत मोठी कुमक, सातची, त्यालाच देऊन टाकली.

"चहूकडून पाणी हाय, तिथं बरकत असणारच," शरणप्पा म्हणाला. मारोतीनेही मान डोलावली.

पण त्या खंडात शिरायला वाट एकच. शरणप्पा तिथे ठाण मांडून बसायचा आणि रोज जिंकायचा. चहूबाजूंनी उघडा आशिया राखता राखता मारोतीच्या नाकी नऊ यायचे.

"खारं पाणी हाय ते, शरणप्पा. कुमक दोनवर आण."

"हरायलास म्हणून खारं झालं व्हय?"

हसण्यावारी जायचं सगळं. मग लातूर वेगळा जिल्हा झाला आणि मारोतीची बदली तिकडच्या नव्या कचेरीत झाली. निघायच्या आदल्या दिवशी तो आला. "आज तरी साताचे दोन कर, बरोबरीनं खेळू," म्हणाला. शरणप्पा ऐकेना. मारोतीने हरभरे डब्यात ओतले आणि चपला पायात सरकवल्या.

"बस मग तुझ्या पाण्यात एकटाच."

तो गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही.

पुढे शरणप्पाने सात खोडून दोन लिहिलं. आता गिऱ्हाईक नसलं की तो एकटाच दोन्हीकडून खेळतो. मारोतीचे डाव तो स्वतःच्या डावांपेक्षा जपून खेळतो. मला तेव्हा लई भरून येतं. काल हरभरे जिंकले.

"बसम्मा, मारोती जिंकला," त्याने बायकोला सांगितलं.

"मग जाऊन सांगा की त्यांना."

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

मला तर पायच नाहीत. तुमच्यातलं कुणी लातूरला निघालं असेल, तर मारोतीला गाठा. म्हणावं, तू जिंकलायस, आणि शरणप्पानंच तुला जिंकवलंय.