मासा हातात असेपर्यंत

"मासा पाण्याबाहेर काढलात की आपलाही श्वास रोखायचा," गुडघाभर पाण्यात उभे राहून सर सांगत होते. "आपला जीव कासावीस झाला, की त्याचाही झालाय असं समजायचं. घड्याळ बघत बसायचं नाही."

हौशी मासेमारी आणि तिचं व्यवस्थापन हा विषय विद्यापीठात सरच शिकवत. मासा पकडायचा, मापायचा, सोडायचा. मुलं पाठीमागे त्यांना 'सोडून-द्या सर' म्हणत, आणि सरांना ते ठाऊक होतं. पण त्यांचा मुलगा याच तळ्यात बुडाला, तेव्हापासून प्रात्यक्षिकाला ते दुसऱ्या कुणाला तरी पाठवत. आज मात्र स्वतः निघाले.

"जाताय तर जा," दारात बायको म्हणाली होती, "पाण्याकडे तेवढं बघू नका."

मासेमारीच्या मास्तरांना!

"सर, लागला!" वर्गातला लांब्या ओरडला. हातभर लांबीचा मासा त्याने छातीशी धरला. "काढ गं फोटो!"

"डोळे मिटलेस, गाढवा," चष्मेवाली म्हणाली. "पुन्हा."

श्वास रोखायचं लांब्या विसरलाच होता. तो खिदळत होता.

"सोड आता," सर म्हणाले.

"एकच सर, आईला दाखवायला."

सोडला तेव्हा मासा आडवा झाला. पांढरं पोट वर आलं.

सर पुढे झाले. मासा दोन्ही हातांनी पाण्यातच सरळ धरून, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून ते हळूहळू पुढे चालू लागले. कल्ले हलेनात. हातात नुसतं गार वजन. त्या दिवशी काठावर लोक मुलाची छाती दाबत होते, तेव्हा सर श्वास रोखून उभे होते. त्याने घेतला की मग आपण घ्यायचा, एवढंच डोक्यात होतं. शेवटी कुणीतरी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं होतं.

"मेला का हो, सर?" लांब्या रडकुंडीला आला होता.

सर मासा धरून पुढे चालतच राहिले.

कल्ला किंचित उघडला. मिटला. पुन्हा उघडला. मग सरांच्या मनगटावर शेपटीचा एक फटका बसला आणि मासा हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला. मुलांनी टाळ्या पिटल्या.

सर तसेच वाकलेले, ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लाल झालेला. चष्मेवाली बुटांसकट पाण्यात उतरली.

"सर," तिने हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला, "पोहत गेला तो. आता तुम्ही श्वास घ्या."

सरांनी घेतला. हात मात्र बराच वेळ पाण्याखालीच होते, मासा धरल्यासारखे.