लिहून घे, कबुतरं एकत्र येत नाहीत

आमच्या मामाने आयुष्यात दोन गोष्टी कधी केल्या नाहीत. एक लग्न, आणि दुसरी म्हणजे ‘माझं चुकलं’ असं म्हणणं. लग्नाबद्दल त्याचं म्हणणं असं की रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मधे न बोलता ऐकणारं माणूस त्याला भेटलं नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल त्याचं काहीच म्हणणं नव्हतं, कारण तो कधी चुकलाच नव्हता.

मामा रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर दुरुस्त करतो. दुकान इतकं अरुंद आहे की आत बसलेल्याला बाहेर जायचं असेल तर त्याच्यानंतर आलेल्या सगळ्यांना आधी बाहेर पडावं लागतं. रविवारी सकाळी तिथे पाच जण बसतात: मामा, दातांचे डॉक्टर, शिंपीकाम करणारे मास्तर, ग्रंथालयातल्या बाई आणि मी. मी वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहितो, म्हणजे दिवसाला साधारण चाळीस वेळा माफी मागतो. आई गेल्यावर मला मामानेच वाढवलं. त्याच्या वाट्याच्या माफ्या बहुतेक माझ्याकडे आल्या.

आमचा विषय एकच, कबुतरं. बँडचं खरं नाव लांबलचक आहे, पण पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर लोखंडी कबुतर होतं म्हणून आम्ही त्यांना कबुतरं म्हणतो. त्यात गाणारा तो घसा आणि गिटार वाजवणारा तो बोटं. एकतीस वर्षांपूर्वी दौऱ्यावरच्या बसमध्ये खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघांचं वाजलं. पुढच्या थांब्यावर दोघं वेगवेगळ्या दारांनी उतरले ते उतरलेच. मग दोघांनी आपापले बँड काढले आणि एकमेकांवर गाणी रचली. त्यातली काही तर खिडकीवरच होती. मामा घशाच्या बाजूचा, डॉक्टर बोटांच्या बाजूचे. मास्तर ड्रमवाल्याच्या बाजूचे, कारण त्या बिचाऱ्याला खिडकीबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

भांडण तापलं की माणूस म्हणतो, लिहून घे. इतर ठिकाणी लोक असं म्हणतात आणि घरी जातात. आमच्यात बाई आहेत. पहिल्याच रविवारी डॉक्टर तावातावाने ‘लिहून घ्या’ म्हणाले आणि बाईंनी पिशवीतून रेघांची वही काढून खरंच लिहून घेतलं. तारीख, क्रमांक, वाक्य, खाली सही. तेव्हापासून तोच शिरस्ता. बावीस वर्षांत चौऱ्याण्णव नोंदी झाल्या. एकदा लिहिलेली नोंद खोडायची नाही, हा बाईंचा नियम. ग्रंथालयात हरवलेल्या पुस्तकाचीसुद्धा नोंद राहते, असं त्या म्हणतात, आणि ते ऐकताना आपणच पुस्तक हरवल्यासारखं वाटतं.

कबुतरं पुन्हा एकत्र येणार नाहीत यावर सगळ्यांचं एकमत होतं, त्यामुळे नोंदी करताना कोणी हात आखडता घेतला नव्हता. मास्तरांची नोंद होती: एकत्र येणार असं जाहीर झालं तर माझी मिशी राहणार नाही. डॉक्टरांची: ज्या आठवड्यात ते जाहीर होईल, त्या आठवड्यात माझ्या खुर्चीत पेशंट हसत हसत येऊन बसेल. बाईंची: धरणांच्या भिंतींवरचं ते गहाळ पुस्तक परत येईल तेव्हा हे दोघं एकत्र येतील. शेवटच्या दोन नोंदी एकाच रविवारच्या. त्र्याण्णव मामाची: ‘मी जिवंत असेपर्यंत हे दोघं एका स्टेजवर उभे राहणार नाहीत.’ चौऱ्याण्णव माझी. मी मामाची टर उडवायला म्हटलं होतं की जाहीर केलं तर येतीलच, जाहीर करून मागे फिरले तर माझा डावा कान कामातून जाईल. बाईंनी शांतपणे सही घेतली.

मग एका मंगळवारी जाहीर झालं की कबुतरं एकत्र येतायत. एकच कार्यक्रम, सात आठवड्यांनी, घरबसल्या पडद्यावर बघता येणार.

आम्ही आनंदाने वेडे व्हायला हवं होतं. पण बुधवारी बाई ग्रंथालय उघडायला गेल्या, तर परतीच्या टेबलावर धरणांच्या भिंतींचं पुस्तक होतं. कुलूप जागेवर, खिडक्या बंद. पुस्तक ओलं होतं आणि बाहेर कित्येक आठवडे पाण्याचा टिपूस नव्हता. गुरुवारी डॉक्टरांकडे करड्या शर्टातला एक माणूस हसत आला, हसत खुर्चीत बसला आणि दाढ उपटून होईपर्यंत हसत राहिला. जाताना दारात वळून म्हणाला, ‘भेटूच.’ डॉक्टरांनी दोन दिवस दवाखाना बंद ठेवला. मास्तर जरा नास्तिक. ते म्हणाले, मी काही मिशी काढणार नाही, बघू कोण काढतं. शनिवारी नेहमीचाच कलप लावला आणि अर्धी मिशी टॉवेलवर आली. उरलेली त्यांनी स्वतःच उतरवली, कारण अर्ध्या मिशीने गिऱ्हाईकाचं माप घेता येत नाही.

रविवारी सगळे जमले आणि कोणीच मामाकडे बघेना.

मामा मात्र आवराआवर करत होता. नऊ-नऊ वर्षं पडून असलेले प्लेअर त्याने चार आठवड्यांत दुरुस्त करून मालकांच्या घरी पोचते केले. एक मालक तर दारातच रडला, कारण तो प्लेअर ज्या बायकोचा होता तिच्याशी त्याचा घटस्फोट झाला होता. मामाने खण रिकामे केले आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावली: सुया, पट्टे, स्क्रू, आणि एकावर ‘काय आहे माहीत नाही पण टाकू नकोस’. ते ‘नकोस’ मला उद्देशून होतं, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

मी विचारलं, ‘मामा, हे काय चाललंय?’

‘आवरतोय.’

‘कशासाठी?’

‘अरे, मी असेपर्यंत ते एकत्र येणार नाहीत, असं मी म्हटलंय. आता ते येतायत. मग मी बरोबर कसा ठरणार, तूच सांग.’

हे त्याने टीव्हीचा रिमोट कुठे आहे विचारावं इतक्या सहज विचारलं. त्या दिवसापासून दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना तो मधे थांबायला लागला. जेवण निम्म्यावर आलं. तपासण्या केल्या. डॉक्टर, म्हणजे दातांचे नव्हे, नेहमीचे, म्हणाले की सगळे रिपोर्ट उत्तम आहेत, इतके उत्तम की पुन्हा एकदा करून घेऊ.

दातांच्या डॉक्टरांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा हार मानली. बाईंना म्हणाले, लिहून घ्या, मी हरलो, घसा मोठा, बोटं लहान, खिडकी बंदच हवी होती. मामा म्हणाला, दयेवर जिंकलेला वाद मला नको. मास्तरांनी सुचवलं की पानच फाडू. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तरांचा हात जिथे मिशी होती तिथे गेला. शेवटी बाई म्हणाल्या की रस्ता एकच आहे. ज्याने सही केली त्यानेच आपलं चुकलं असं सांगून नवी नोंद करायची. तीन शब्दसुद्धा लागत नाहीत, दोनच.

‘चुकलं म्हणायला आधी चुकावं लागतं,’ मामा म्हणाला आणि पुढच्या खणाची चिठ्ठी लिहायला घेतली.

तेव्हा मी ठरवलं की ते दोघं एकत्र यायलाच नकोत. आयुष्यभर ज्या गोष्टीची वाट पाहिली ती मोडायला मी दुपारच्या सुट्टीत ऑफिसमध्येच बसलो. घशाला लिहिलं की बोटं सगळ्यांना सांगत फिरतोय, खिडकी तूच उघडलीस. बोटांना लिहिलं की घसा म्हणतो, तुझ्यामुळे त्याला आयुष्यभराचा खोकला लागला. एकूण चौदा पत्रं. माफी न मागता पत्र कसं संपवायचं हे मला येत नव्हतं, म्हणून पहिल्या तीन पत्रांच्या शेवटी ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं गेलं. त्याने उलट जास्तच झोंबलं असावं. पाचव्या आठवड्यात मुलाखतीत बोटं म्हणाला, ‘खिडकीचा प्रश्न अजून सुटलेला नाही.’ सहाव्या आठवड्यात तो सरावाला गेला नाही.

त्याच आठवड्यात मामा तिसऱ्या पायरीवर, म्हणजे थेट दुकानात, न थांबता पोचला. आणि माझ्या डाव्या कानात कोणी कापूस भरावा तसं व्हायला लागलं.

मी कोणाला बोललो नाही. चौऱ्याण्णव नंबर मला पाठ होता. एक कान म्हणजे काही फार नाही, मोनो रेकॉर्ड काय लोक ऐकत नाहीत का, असं मी स्वतःला समजावत होतो. पण मामा दुकानात आवाज तपासताना नेहमी मला मधे उभा करतो. त्याने डावा स्पीकर अगदी बारीक आवाजात लावला आणि विचारलं, येतोय का. मी म्हटलं, नाही. त्याने वायर बदलली. मी म्हटलं, नाही. त्याने पुन्हा बदलली, मग स्पीकरच्या पडद्यावर तळहात ठेवला. पडदा थरथरत होता. मामाने आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बाईंच्या वहीकडे.

‘पत्रं किती टाकलीस?’ त्याने माझ्या उजव्या बाजूला येऊन विचारलं.

‘चौदा.’

स्पीकर बंद करून त्याने वायर गुंडाळली आणि ज्या खणावर ‘वायरी’ लिहिलं होतं त्यात ठेवली.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. कामाच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवून आम्ही पाचही जण बसलो. मामा माझ्या डावीकडे. स्टेजवर मागे बसची एक खरीखुरी खिडकी टांगली होती, अर्धी उघडी. कोणाच्या डोक्यातून आलं कोण जाणे. दोन माईक होते. घसा एकटाच आला, म्हातारा झालेला, आणि त्याने पहिलं गाणं म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसऱ्यात गिटारची जागा आली तिथे तो दुसऱ्या माईककडे बघत गप्प उभा राहिला. माईकसमोर कोणी नव्हतं. माझा डावा कान आता पूर्ण गेला होता, त्या बाजूला जग असं काही नव्हतंच. मी खूश होतो. बोटं येणार नव्हता आणि मामा राहणार होता.

तेवढ्यात बाई वाकून लिहायला लागल्या.

मी वहीत डोकावलो. शाई ओली होती. ‘९५. माझं चुकलं.’ खाली मामाची सही, जरा वाकडी. त्याने हे आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, माझ्यापासून हातभर अंतरावर, माझ्या कानासाठी, आणि मला ऐकू आलं नाही.

स्टेजवर अंधारातून एक बूट पुढे आला. मग गिटार, मग तिच्यामागे बोटं. तो दुसऱ्या माईकपाशी गेला. घशाने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण एक पाऊल बाजूला सरकून जागा दिली. माझ्या कानात बूच उडाल्यासारखं झालं आणि डावीकडून सगळा आवाज एकदम आत आला.

ते दोघं एका स्टेजवर उभे होते. आमच्यातलं कोणीच पडद्याकडे बघत नव्हतं.

मामा शांत बसला होता. वहीत त्र्याण्णव तशीच होती, न खोडलेली, आणि तिच्या दोन नोंदी खाली पंच्याण्णव होती. यातली कोणती धरली गेली हे सांगणारं कोणी नव्हतं. बोटांनी त्या मोठ्या गाण्याची सुरुवात वाजवली. मामा त्या गाण्याला नेहमी डोळे मिटतो. त्याने डोळे मिटले. गाणं साडेअकरा मिनिटांचं आहे.

मी नवा कोरा कान त्याच्याकडे लावून श्वास शोधत होतो, पण मधे गिटार येत होती. मास्तरांनी माप घेतल्यासारखी दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली आणि जो चेहरा केला, त्यावरून काही कळेना. चौथं मिनिट गेलं. पाचवं गेलं. दुकानाच्या काचेबाहेर करड्या शर्टातला एक माणूस थांबून आत बघत होता. हसत होता. डॉक्टरांनी त्याला पाहिलं आणि खुर्ची हळूच मामाच्या जवळ सरकवली.

सातव्या मिनिटाला मामा डोळे न उघडता म्हणाला, ‘बोटांचा हात जड झालाय.’

डॉक्टर पटकन म्हणाले, ‘हो.’

मामाचा एक डोळा उघडला. ‘हो म्हणू नकोस रे,’ तो हळू म्हणाला. ‘तू हो म्हणालास की मला भीती वाटते.’

डॉक्टरांनी काचेकडे पाठ केली आणि म्हणाले की जड काय जड, तुझ्या घशाला तर श्वास पुरत नाहीये, मेल्या, आणि खिडकी उघडी असती तर ही वेळ आली नसती. मामा ताठ बसला. खिडकी उघडी असती तर घसा गेलाच असता, असं तो म्हणाला, आणि सुरू झाला. बाईंनी पेनाला टोपण लावून पेन मांडीखाली सरकवलं. मास्तरांनी ड्रमवाल्याची बाजू लावून धरली. मी मधूनच तिघांना चुकीच्या तारखा सांगत होतो, म्हणजे मामाला दुरुस्त करायला काहीतरी मिळत राहावं.

गाणं संपलं. काचेबाहेरचा माणूस अजून उभा होता, फक्त आता घड्याळ बघत होता. अजून नऊ गाणी होती. आम्ही वाद थांबू दिला नाही.