भिकीकडे मागितलेली मुदत

आमच्या आळीत एक साहेब यायचा. त्याच्यासारखा शब्दाचा कच्चा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दिवाळीला विहीर साफ करून देतो म्हणाला, दिवाळी गेली. शिमग्याला देतो म्हणाला, होळी पेटली आणि विझली. बरं, शब्द मोडायचा तर माणसाने गपचूप मोडावा. बाकीची सरकारी माणसं तशीच मोडतात, तोंड दाखवत नाहीत, आणि आपण चार शिव्या घालून मोकळे होतो. हा मात्र मुदत संपायच्या आधीच सायकलवर हजर. मी बोंबील वाळत घालत असले की समोर येऊन उभा राहायचा, डोक्यावरची टोपी काढायचा आणि म्हणायचा, "आजी, तारीख बदलावी लागेल." दोन्ही हात मासळीत असताना धड भांडताही येत नाही. आळीतल्या पोरांनी त्याचं नाव तारीखवाला ठेवलं होतं. त्याला ते ठाऊक होतं, आणि हाक मारली तर तो ओ द्यायचा.

मुदत कसली, ते सांगते. लढाईच्या वर्षांत आमच्या आळीच्या वरच्या अंगाला, सुरूच्या झाडांपलीकडे, पलटणीचा तळ होता. तंबू, गाड्या, तेलाची पिंपं. लढाई संपली, पलटण गेली, आणि जाताना उरलेली पिंपं खड्ड्यांत पुरून गेली. पिंपं जमिनीत सडली. मग एका उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग दिसायला लागले. पोरं वाकून बघायची आणि हसायची. पुढे भाताला वास येऊ लागला, कंदील भरल्यावर हाताला राहतो तसला. माझ्या सासऱ्याने खणलेली ती विहीर. समुद्राला खेटून असूनही पाणी इतकं गोड की परक्या गावच्या होड्या हंडे भरायला आमच्या किनाऱ्याला लागत. तिच्यावर आम्ही फळ्या ठोकल्या.

तेव्हापासून पाणी भिकीच्या विहिरीचं. सरावलीच्या वाटेला तिचा पाडा आहे. भिकी माझ्याच वयाची, बोलायला कमी, बघायला कडक. तिने आम्हाला कधी नाही म्हटलं नाही. आम्ही सुका जवळा, बोंबील घेऊन जायचो, आणि ती म्हणायची, पाहुणी आलीस, ठेव तिथे. पाण्याचा बदला म्हणून तिने कधी घेतलं नाही. तेच मला बोचायचं. मी जमुना, जिच्या दारात आळी पाण्याला यायची, ती डोक्यावर रिकामा हंडा घेऊन दुसऱ्याच्या विहिरीवर पाहुणी.

आमच्या घरात नवी सून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या विहिरीवर पहिला हंडा भरते, आणि त्या पाण्यावर त्या दिवशीचा भात शिजतो. माझ्या थोरल्या दोन्ही सुनांनी पहिला हंडा भिकीच्या विहिरीवर भरला. धाकटा मोतीराम राहिला होता. त्याची बायको आपल्या विहिरीचं पाणी भरेल, असं मी चारचौघांत बोलून बसले. आणि माझं बोलणं खाली पडलेलं आळीने कधी पाहिलं नव्हतं.

तारीखवाल्याच्या आधी एक साहेब होऊन गेला होता. तो तारखेचा पक्का. दिलेल्या दिवशी आला, चार पिंपं उकरली, विहिरीवर 'पाणी पिण्यास योग्य' असा पत्रा ठोकला, फोटो काढून घेतला आणि गेला. आम्ही पाणी प्यायलो. आठवडाभर अख्खी आळी ओकत होती. तो पत्रा मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावलाय. तिथे तो उपयोगाचा आहे.

मग हा आला. नाशकाकडचा, तिशीतला, अंगाने काडी. स्टेशनाजवळ खोली घेऊन एकटाच राहायचा. त्या दिवसांत स्टेशनात माणसं डहाणू गुजरातेत जाणार की महाराष्ट्रात राहणार यावर हमरीतुमरीवर यायची. हा त्यांच्यातून सायकल काढून तळावर यायचा आणि जमीन हुंगत फिरायचा. पहिल्यांदा तारीख बदलायला आला तेव्हा मी त्याला विचारलं, ही मुदत वाढवायची तर विचारायचं कुणाला? तो म्हणाला, ठाण्याच्या ऑफिसने मंजूर केली आहे.

मी म्हटलं, "ठाण्याचं ऑफिस आम्हाला पाणी देतं काय? पाणी भिकी देते. मुदत तिच्याकडे माग."

त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करते. माझं तोंड बघून त्याला कळलं, ही थट्टा नाही. सायकल झाडाला टेकवली आणि माझ्या मागून चालत आला. भिकीने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि दोर त्याच्या हातात दिला. त्याने पोहरा सोडला. दोर संपत आला तरी पाणी लागेना, आणि लागलं तेव्हा पोहऱ्यात अर्धा चिखल. दोन गावं एका विहिरीवर, दुसरं काय होणार. भिकी म्हणाली, शिमग्यापर्यंत देईन, पण माझा गाळ काढून दे. त्याने आपली माणसं आणली, स्वतः चड्डीवर खाली उतरला आणि भिकीच्या विहिरीचा गाळ उपसला. वर आला तेव्हा पाड्यावरची पोरं त्याला बघून पळाली.

त्या दिवसापासून ठरूनच गेलं. तारीख बदलायची की आधी मला सांगायचं, मग भिकीकडे जायचं. ठाण्याचं ऑफिस तिसरं.

शिमग्याच्या आधी तळावरची तेलकट माती उकरून लॉरीत भरायचं काम जोरात चाललं होतं. मी खूश होते. आणि एके दिवशी लॉऱ्या भरलेल्याच परत आल्या. मागून साहेब, टोपी हातात. काय झालं होतं, तर कंत्राटदार माती तलासरीकडे नेऊन झरी गावाजवळ एका ओहोळाच्या काठी ओतणार होता. माती कुठे जाते ते बघायला हा लॉरीत बसून गेला. ओहोळात खाली चिमी नावाची एक बाई कळशी भरत होती. त्याने तिला विचारलं, पाणी प्यायचं का? ती म्हणाली, मग काय धुवायचं? एवढं ऐकून ह्याने लॉऱ्या फिरवल्या. आता दुसरी जागा मिळेपर्यंत काम बंद, आणि पुढे पावसाळा. म्हणजे मुदत गेली पुढच्या दिवाळीवर.

मी तापले. म्हटलं, झरीची चिमी माझी कोण लागते?

तो म्हणाला, "आणि भिकी तुमची कोण लागते, आजी?"

मग मी त्याला माझ्या बोंबलांचं ऊन अडवून उभा आहेस म्हणून झापलं. तो बाजूला सरकला. सरकला आणि तिथेच थांबून बघत राहिला. माझी थोरली सून हंसा खळ्यावर पसरलेला जवळा फावडीने खालीवर करत होती, सगळ्या अंगाला ऊन लागावं म्हणून. साहेबाने तिला विचारलं, हे किती वेळा करता? ती लाजली. मी म्हटलं, वास जाईपर्यंत.

दिवाळीनंतर त्याने काय केलं, तर तळावर गाड्या उभ्या करायचा सिमेंटचा मोठा चौथरा होता, त्यावर ती माती पातळ पसरली. आमच्या जवळ्यासारखी. रोज बायका लावून ती खालीवर करायची. पहिले दिवस वाऱ्याबरोबर आळीभर रॉकेलचा वास. मग कमी झाला. कमी होता होता एक दिवस मी मूठभर माती हातात घेतली तर मातीला मातीचा वास आला. मी त्याच्यासमोर काही बोलले नाही. डोक्यावर चढवून ठेवायला तो काही माझा जावई नव्हे. पण घरी येऊन हंसाला सांगितलं, माणूस बघून शिकतो.

विहिरीचंही तसंच. बाटल्या भरून तो मुंबईला पाठवायचा, उत्तर कधी यायचं कधी नाही. मी त्याला सांगितलं, हंडा हुंगून कळत नाही, पाण्यावर भात शिजव, झाकण काढ, मग कळतं. तेव्हापासून दर पंधरवड्याला साहेब विहिरीच्या काठावर तीन दगड मांडायचा आणि भात शिजवायचा. पहिल्यांदा करपवला. आळीतल्या बायका भिकीकडे पाण्याला जायचं निमित्त काढून बघायला जमायच्या. मी त्याला झाकणावर निखारा ठेवायला शिकवलं. भाताला वास आला तर विहीर पुन्हा उपसायची. त्या हिवाळ्यात ती किती वेळा उपसली त्याचा हिशेब नाही. माघात एकदा झाकण काढलं आणि नुसत्या तांदळाचा वास आला. त्याने तो भात माझ्या बोंबलांबरोबर पातेलं पुसून खाल्ला. आणि म्हणाला, महालक्ष्मीच्या जत्रेला विहीर तुमची. मी त्याच दिवशी मोतीरामचं लग्न ठरवून टाकलं. बोर्डीची वेणू, वैशाखातली तिथी. विहिरीच्या फळ्या कायमच्या काढल्या, कठडा चुन्याने रंगवला.

विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली तेव्हा ठाण्याच्या ऑफिसचा मोठा साहेब जीप घेऊन आला. जत्रेला जाणारी माणसंही वाट वाकडी करून विहिरीवर थांबली. भिकीलाही मी मुद्दाम बोलावलं होतं. पाणी असं नितळ की तळातला दगड दिसत होता. हार होते, नारळ होता, मोठ्या साहेबाच्या हातात विहीर साफ झाली म्हणून सही करायचा कागद होता. तारीखवाल्याने मात्र तीन दगड मांडले. मोठा साहेब घड्याळ बघत उभा राहिला. चैत्रात पाणी खाली गेलं होतं, आणि खालच्या थरात काय राहिलंय ते कुणाला माहीत.

भात झाला. त्याने झाकण काढलं. वाफ आली आणि त्याचा चेहरा उतरला.

मोठा साहेब वाकला, हुंगून म्हणाला, काही नाही, उत्तम भात आहे. आळीतली माणसंही म्हणाली, काही नाही. मोरू तांडेलाने तर बोट घालून चाटून दाखवलं. मग मोठा साहेब माझ्याकडे वळला. म्हणाला, आजीबाईंना विचारू. यांना सगळं कळतं म्हणे. सांगा आजी, वास येतो?

मी पातेल्यावर वाकले. अगदी थोडा. कंदील पलीकडच्या खोलीत भरावा, तेवढा. समोर कठडा चुन्याने पांढरा झालेला. आळी माझ्या तोंडाकडे बघत होती, मोतीराम बघत होता, भिकी बघत होती. माझं तोंड उघडलं, आणि मी काय बोलणार होते ते मला आजही ठाऊक नाही. कारण तारीखवाला मध्ये पडला.

"त्यांना विचारू नका साहेब," तो म्हणाला. "त्यांच्या घरी लग्न आहे. वास येतो. मला येतो."

मोठा साहेब त्याला बाजूला घेऊन बोलला, पण बाजूला म्हणजे किती, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तुझी नाशकाला बदली या कागदावर अडली आहे, म्हणाला. तुझी बायकापोरं तिकडे, तू इकडे, आणि हा तुझा कितवा वायदा? तारीखवाला म्हणाला, ठाऊक आहे. एवढंच. मोठ्या साहेबाने कागद खिशात घातला, जीप धूळ उडवत गेली. हार तसेच राहिले. माणसं हळूहळू जत्रेच्या वाटेला लागली.

तो पातेल्याजवळ उकिडवा बसला होता. मला बघून उठायला गेला, टोपी काढली आणि नेहमीचं वाक्य सुरू केलं, "आजी, तारीख..."

मी म्हटलं, "गप बस. तारीख देण्यात तुझ्याएवढा नालायक माणूस डहाणूपासून तलासरीपर्यंत शोधून सापडायचा नाही. आणि आज तुझ्या जागी तो पत्रा ठोकणारा असता, तर माझ्या वेणूने पहिल्याच हंड्यात तेल भरून घरात आणलं असतं. पडू दे माझं बोलणं खाली. तिचा हंडा भिकीच्या विहिरीवर भरेल, आणि लग्नात तू माझ्या घरच्या माणसांच्या पंगतीत बसशील. घाल ती टोपी डोक्यावर. भिकी इथेच उभी आहे. या खेपेला मुदत मी मागते, पोहरा तू ओढ."