टेलरकाकांच्या खिशातली चिठ्ठी

सिस्टरनं टेलरकाकांच्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी सारली आणि वरून दोनदा थोपटलं.

"इथं आहे. समितीनं विचारलं की काढायची आणि वाचायची. काय करायचं?"

"काढायची आणि वाचायची." काकांनी मान डोलावली आणि तिच्या बाहीची शिवण दोन बोटांत धरली. "ही टीप कुणी मारली हो? दोन धुण्यांत उसवेल."

पंचेचाळीस वर्षं त्यांनी तुरुंगाच्या शिवणखात्यात कैद्यांचे सदरे शिवले, पहारेकऱ्यांचे गणवेश शिवले. गेली चार वर्षं ते तुरुंगाच्या दवाखान्यात होते आणि डोक्यातलं एकेक निघून चाललं होतं. आधी भाचीचं नाव गेलं, मग दात कसे घासायचे ते गेलं, आणि गेल्या वर्षी कधीतरी, कुणाला पत्ता न लागता, गुन्हाही गेला. शिवण तेवढी राहिली.

शिक्षा मात्र जागच्या जागी. मरेपर्यंत कैद, मधे सुटका नाही, फेरविचार नाही. सिस्टरनं फाइल पाहिली होती. इतर प्रत्येक कैद्याच्या कागदावर 'पुढील आढावा' यासमोर एक तारीख होती. यांच्या कागदावर आडवी रेघ. माणूस तेवीस वर्षांचा असताना कुणीतरी पट्टी लावून मारलेली रेघ, आणि तो आता चौऱ्याहत्तरचा! त्या रेघेकडे पाहिलं की सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"कायदा आहे, सिस्टर," जेलर म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण हे एक वाक्य त्यांना फार सोयीचं पडायचं.

"कायदा काय आभाळातून पडलाय, साहेब? माणसांनीच केला ना? मग माणसांनीच बदलावा की!"

ही शिक्षा ठेवायची की काढून टाकायची, हे ठरवायला सरकारनं समिती नेमली होती. समितीला एक तरी कैदी समोर बघायचा होता. सिस्टरनं जेलरच्या मागे धोशा लावला आणि टेलरकाकांचं नाव घालायला लावलं. भाचीनं तळमजल्यावरची खोली रिकामी करून ठेवली होती. तिची चार पत्रं सिस्टरच्या खणात होती. कायदा हलला तर काका त्या खोलीत डोळे मिटणार, नाहीतर इथे. दोन आठवडे सिस्टर त्यांच्याकडून दोन वाक्यं घोकून घेत होती, आणि सकाळी पाठ झालेलं दुपारी साफ पुसून गेलेलं असायचं. म्हणून ही चिठ्ठी.

अकरा वाजता पहारेकऱ्यानं काकांचा डावा हात बेडीनं खुर्चीला अडकवला.

"अहो, संडासापर्यंत मी धरून नेते त्यांना. पळून पळून जाणार कुठे?"

"नियम आहे, सिस्टर."

घाला चुलीत तो नियम, असं अगदी ओठांवर आलं होतं तिच्या. तेवढ्यात दार उघडलं.

समितीच्या अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. स्वतः त्यांनी ही शिक्षा अकरा जणांना दिली होती, असं जेलरनी कालच सांगितलं होतं, आणि सिस्टरची आशा तिथेच निम्मी झाली होती. बरोबर जेलर होते आणि एक सदस्य, पेन उघडूनच बसलेले.

"तुमच्या गुन्ह्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

काका नुसते हसले. कोपऱ्यात उभ्या सिस्टरनं स्वतःच्या खिशावर थोपटलं. मग काकांनी चिठ्ठी काढली, लांब धरली आणि मोठ्यानं वाचली.

"'माझ्या हातून एका माणसाचा जीव गेला. त्याचं ओझं मी रोज वाहतो.'"

त्यांनी ती पुन्हा एकदा मनाशी वाचली. चेहरा गंभीर झाला. चिठ्ठीची नीट घडी करून त्यांनी ती टेबलावरून अध्यक्षबाईंपुढे सरकवली.

"कुणाची तरी महत्त्वाची दिसते. चुकून माझ्या खिशात आली. ज्याची त्याला द्या, बाई. शोधत असेल बिचारा."

"हे नाटक तर नाही ना?" सदस्यांनी जेलरना विचारलं.

"नाटक?" सिस्टर पुढेच आली. "चार वर्षं? या ना एकदा सकाळी, साहेब. दातांचा ब्रश हातात घेऊन हे काय आहे म्हणून विचारतात मला. असं नाटक करून दाखवा तुम्ही एक दिवस!"

अध्यक्षबाईंनी हात वर केला. मग त्यांनी फाइल उघडली आणि सगळं वाचून दाखवलं. लोखंडाचं दुकान. चोरी. आडवा आलेला पहारेकरी, डोक्यात घातलेली कांब. मागे बायको आणि एक मुलगी.

काका मन लावून ऐकत होते.

"मुलगी केवढी होती?"

"दोन वर्षांची."

काकांचे डोळे भरून आले. "फार वाईट केलं हो. पकडला ना त्याला?"

"पकडला. अजून कैदेतच आहे."

"बरं झालं," काका म्हणाले.

सदस्यांनी ते शब्द लिहून घेतले. सिस्टरनं डोळे मिटले. आपल्याच हातानं आपण म्हाताऱ्याला इथे आणून बसवलं, असं तिला वाटलं.

"तेव्हा वय काय होतं त्याचं?" काकांनी विचारलं.

"तेवीस."

"आणि आता?"

"चौऱ्याहत्तर."

मोकळ्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवरून टीप शोधत फिरत होती.

"म्हणजे म्हातारा झाला की तो. मग मधे कुणी जाऊन बघितलं का त्याला? आता कसा आहे, काय आहे?"

सदस्यांचं पेन थांबलं.

"साधा सदरा शिवतो ना आम्ही, तोसुद्धा मधे एकदा अंगावर घालून बघतो. तेविसाव्या वर्षी घेतलेलं माप म्हाताऱ्याला कसं बसेल, बाई?"

"नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी फाइल मिटली. "बघायला कुणीच गेलं नाही."

"मग तुम्ही जा की. तुमचं ऐकतील."

निघताना जेलरनी फाइलला लावण्यासाठी चिठ्ठी मागितली. अध्यक्षबाईंनी ती उचलली, उघडून पुन्हा एकदा वाचली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेच राहू दे ही."

अहवालाला सहा महिने लागतील, असं कळलं. सहा महिने! काकांकडे तेवढे आहेत का, हे कुणी विचारलं नाही.

चार वाजता काका रोजच्यासारखे कापडी पिशवी घेऊन दाराशी उभे राहिले.

"निघू का? आई वाट बघत असेल."

'आज उशीर झाला, उद्या जा,' हे सिस्टरचं रोजचं उत्तर. आज काही केल्या ते तोंडातून निघेना.

"मला नाही माहीत, काका," ती म्हणाली. "खरंच नाही माहीत."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या बाहीकडे. "बरं, तोवर सुई द्या इकडे. ही टीप नीट मारून देतो."

दवाखान्यातल्या कैद्यांच्या हातात टोकदार वस्तू द्यायची नाही, हा नियम दारावरच चिकटवलेला होता. सिस्टरनं पर्स उघडली, सुई आणि दोरा काढला आणि काकांच्या तळहातावर ठेवला. पहारेकऱ्यानं पाहिलं आणि तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

काकांनी पहिल्याच फटक्यात दोरा ओवला. "हात लांब करा," ते म्हणाले, "आणि हलू नका. टोचेल तुम्हाला."