तातडीच्या वेळी कोणाला कळवावे

“या युगात लढायांचा निकाल तलवारीने नव्हे, तरुणांच्या अंगठ्याने लागणार आहे!” अशी घोषणा धनंजय पेडणेकरांनी मस्कतच्या वादी कबीरमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये केली, तेव्हा त्यांचा स्वतःचा अंगठा एका स्टीलच्या डब्याच्या झाकणाखाली अडकला होता. बायकोने, विशाखाने, चमचा घालून तो सोडवला. निकाल डब्याच्या बाजूने लागला.

२०१७ सालातला सुट्टीचा शुक्रवार. डबा खालच्या मजल्यावरच्या खुदेजाचाचीने वर आणून दिला होता. तिचा धाकटा मुलगा अमीन ईद करून गावाहून परतला, त्याच्या बॅगेतून. सुट्टीहून येणाऱ्याची बॅग निम्मी त्याची आणि निम्मी बिल्डिंगची असते, हे मस्कतमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गावच्या खाडीपलीकडच्या कुणा बाईने दिला, एवढंच अमीनला ठाऊक होतं. चाची चहाला थांबली होती. आपण आणलेला डबा उघडेपर्यंत कोकणातलं माणूस हलत नाही.

धनंजयराव ‘ह्यूमन रिसोर्स’मध्ये आहेत, असं विशाखा सगळ्यांना सांगे. ते खोटं नव्हतं. अल खौदमधल्या एका पाटी नसलेल्या ऑफिसात बसून ते दुसऱ्याच्या देशात चाललेल्या तिसऱ्याच्या लढाईला माणसं पुरवत. कंपनीचा ‘शूर शिपाई’ नावाचा गेम मोबाइलवर फुकट मिळे. विसाव्या लेव्हलला पोचलं, की पुढची बंदूक हातात येण्याआधी एक फॉर्म येई. नाव, उंची, छाती, आणि तातडीच्या वेळी कोणाला कळवावे. गेमला आपली छाती कशाला हवी, असा प्रश्न एकाही शिपायाला पडला नव्हता. शेवटच्या रकान्यात बहुतेक पोरं आईचा नंबर लिहीत.

मग धनंजयराव फोन करत. अस्सल मालवणीत. “काय वयनी, भात लावून झाला?” पोरगा नाही म्हणाला, की दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. विसाव्या-बाविसाव्या फोनला माणूस हो म्हणतो, असा त्यांचा अनुभव होता आणि त्याबद्दल अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, त्यांना एक भिंतीवरचं घड्याळही दिलं होतं.

डब्यात कुळथाचं पीठ निघालं. वर प्लॅस्टिकच्या पिशवीत चिठ्ठी.

“वा! आजचं मराठी वाचन!” धनंजयरावांनी चिठ्ठी मुलीच्या हातात दिली. आकांक्षा आठवीत. दुपारच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालावं, तशी ती मराठी वाचे.

“धनं...जय भाऊंस, कला...वतीचा नमस्कार. तुम्ही धनेशला गेमच्या कंपनीत लावलंत, उप...कार झाले. तो रविवारी विमानात बसेल. मी आधी नकोच म्हणत होते. पण तुम्ही आपल्या भाषेत बोललात, म्हणून हो म्हटलं. तो भि...त्रा आहे. फटाके वाजले, तर घरात येऊन बसतो. त्याला सांभा...ळा.”

“पुरे, पुरे. छान वाचलंस,” धनंजयराव घाईने म्हणाले.

“वेट, बाबा, अजून आहे! ‘फॉर्मवर ता...तडीच्या वेळी म्हणून माझा नंबर आहे. तुमचा फोन चुकू नये, म्हणून मी आता मोबाइल विहिरीवरसुद्धा घेऊन जाते.’ बाबा, तातडी म्हणजे काय?”

धनंजयरावांनी डब्याचं झाकण पुन्हा लावायला घेतलं.

“सांगा की,” खुदेजाचाची म्हणाली. “पोरगी विचारतेय. गेमच्या कंपनीत कसली तातडी असते, धनंजयभाऊ?”

मग हळूहळू, एकेक शब्द उपटावा तसं, त्यांनी भाताच्या चौकशीपासून सगळं सांगितलं. गेम नव्हे. लढाईतल्या लष्करी तळाच्या फाटकावर बंदूक घेऊन पहारा. विशाखाने आकांक्षाच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि घडी घातली. नवऱ्याकडे तिने पाहिलंच नाही.

“मी कुणाला ओढून नेत नाही, चाची,” धनंजयराव म्हणाले. “मी फक्त फोन करतो.”

“आणि पगार कशाचा घेता? इंग्रजी बोलणारे काय कमी आहेत इथे? तुम्हाला पगार त्या मालवणीचा मिळतो. परका माणूस बोलला असता, तर त्या बाईने फोन आपटला असता. तुम्ही तिचं भात विचारलंत!” चाचीने चहाचा कप खाली ठेवला. “आमच्याकडे डाळ पातेल्यात शिजते, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. ‘पातेल्यातल्या डाळीची चवच वेगळी’, असं धनंजयरावांनी तिच्या घरी दोनदा जेवताना म्हटलं होतं.

“चवीसाठी नाही शिजवत मी. माझा थोरला, हसन, असल्याच तळावर दोन वर्षं खानसामा होता. नुसता खानसामा! हातात झारा. परत आला, तो कुकरची शिट्टी झाली की जिन्यात जाऊन उभा राहतो. बारा वर्षं झाली, घरात कुकर नाही. तुमच्या त्या फॉर्मवर याचा रकाना आहे का?”

अरेरे! घड्याळ मिळवलेला तो माणूस, आठवीतल्या मुलीसमोर, पिठाच्या डब्याकडे बघत बसला. जमिनीने पोटात घ्यावं, असं त्याला वाटलं. पण फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता.

त्याने फोन उचलून धनेशचा नंबर लावला.

“येतंय म्हणान सांगलंय मां!” पलीकडून धनेश वैतागला. “परत कित्याक फोन?”

“येव नको, धनेशा! थंय गेम नाय. खरी गोळी आसा. माका ह्या पयल्यापासून ठावक होता.” शेवटचं वाक्य त्यांनी अगदी हळू उच्चारलं. “आवशीक दी फोन.”

कलावतीलाही त्यांनी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मग पलीकडून कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात, मंडळी, सांगायचं ते सांगून घेतो. दुसऱ्या दिवशी धनंजयरावांनी यादीतल्या उरलेल्या एक्केचाळीस घरी फोन केले, आणि रविवारी अर्बाबने “खलास!” म्हणून त्यांची खुर्ची काढून घेतली. घड्याळ मागितलं नाही. आपणही कुठे ना कुठे फोन करतो, कागद पुढे सरकवतो, सही मारतो, आणि म्हणतो, मी फक्त एवढंच करतो. तर आठवड्यातून एकदा आपलं काम घरातल्या मुलाला मोठ्याने वाचायला द्यावं. त्याने एका शब्दाचा अर्थ विचारला आणि आपल्याला सांगता आला नाही, तर ते काम सोडावं! आणि आपल्याच बोलीत कुणी आईची चौकशी केली, तर आधी त्याला विचारावं, बाबा रे, तुझं काय काम आहे?

फोनमध्ये खाकरल्याचा आवाज झाला.

“म्हणजे तातडी ती हीच?” कलावतीने विचारलं.

“होय, वयनी.”

“बरा झाला सांगलात तां.” धनंजयराव शिव्यांची वाट पाहत मान खाली घालून उभे होते. “आता एक करा, भाऊ. पीठ ऱ्हवांदे तुमका. पण माझो डबो तेवढो कोण येत आसात तेच्या हाती परत धाडा. झाकणासकट.”